लाघवाचा लोभ

रोग्याच्या सगळ्या तक्रारींचा उलगडा एकाच रोगाने करावा, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वॉर्डात पाऊल टाकल्या दिवसापासून शिकवले जाते. निलंग्याच्या उपजिल्हा रुग्णालयातला तरुण मेडिकल ऑफिसर असो, लातूरच्या शासकीय महाविद्यालयातला निवासी डॉक्टर असो की मुंबईच्या टाटा रुग्णालयातला रक्तरोगतज्ज्ञ, हा नियम सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेला असतो. रक्ताच्या कर्करोगात तर तो अधिकच ताठ होतो. एका माणसाला एक ब्लड कॅन्सर व्हावा हेच मोठे दुर्दैव, दोन एकदम कसे होतील? माझे म्हणणे असे की या रोगांत, विशेषतः साठी ओलांडलेल्या रुग्णात, हा नियम टिकत नाही. तुल्यबळ तर्कांपैकी एक निवडायचा असेल तेवढ्यापुरताच त्याला अधिकार आहे. समोर पडलेला पुरावा बाजूला सारण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी पुऱ्या ताकदीने मांडला पाहिजे. चौदाव्या शतकातला इंग्रज फ्रान्सिस्कन साधू विल्यम ऑफ ऑकम याच्या नावाने हा नियम पाश्चात्त्य वैद्यकात रुजला. पण तो आपल्याला परका नाही. साधारण त्याच काळात मिथिलेत गंगेश उपाध्यायांच्या ‘तत्त्वचिंतामणी’ने नव्यन्यायाचा पाया घातला, आणि त्या परंपरेतही कमी कल्पनांत भागवणाऱ्या तर्काला ‘लाघव’ म्हणून मान आणि जास्त गृहीतके ओढून आणणाऱ्याला ‘गौरव’ म्हणून दूषण आहे. वैयाकरण तर याहून कडवे. अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, अशी थट्टा काशीत नांदलेल्या नागेशभट्टांच्या ग्रंथातच नोंदलेली आहे. शिवाय अनुभवही या पक्षाच्या बाजूने बोलतो. एकच क्षयरोग फुप्फुसात, मणक्यात, मानेच्या गाठीत आणि आतड्यात वेगवेगळी सोंगे घेतो, आणि चार तक्रारींची चार निदाने करणारा डॉक्टर शेवटी तोंडघशी पडतो. त्यात खर्च. मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी लातूर, सोलापूर, हैदराबाद करता करता निम्मा खचतो. त्याला आणखी चार तपासण्या लिहून देणे हे क्रौर्य आहे, असे म्हणणारा डॉक्टर निर्दय नसतो, बहुधा दयाळूच असतो.

आता समजण्यापुरता एक रुग्ण रचू. औराद शहाजानीकडचा अडुसष्ट वर्षांचा शेतकरी. आठ महिने कंबर दुखते आहे. ‘मणक्यात गॅप आहे’ असे कुणीतरी सांगितले, तेव्हापासून तो मेडिकलमधून दुखायच्या गोळ्या आणून खातो. मानेत दोन्ही बाजूंना रबरासारख्या गाठी. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी ४८ हजार, त्यांत बहुतेक लिम्फोसाइट. हिमोग्लोबिन ७.८, क्रिएटिनिन २.४. पुढे फ्लो सायटोमेट्री होते. लिम्फोसाइटवर सीडी५, सीडी१९ आणि सीडी२३ या खुणा एकत्र सापडतात आणि रिपोर्ट येतो: क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल. निदान शंभर टक्के बरोबर आहे. घोटाळा त्यानंतर सुरू होतो.

कारण आता उरलेल्या सगळ्याची वाट लावायची असते. हिमोग्लोबिन का उतरले? सीएलएलने मज्जा भरली म्हणून. क्रिएटिनिन? गोळ्या खाल्ल्या ना इतक्या. कंबर? वय झाले. फाइल बंद. पण हाडे पोखरणे ही सीएलएलची रीत नव्हे, हे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या दहा पानांत आहे. याच माणसाच्या मज्जेत प्लाझ्मा पेशींचा दुसरा कर्करोग, मल्टिपल मायलोमा, मुक्कामाला असेल तर कंबर, मूत्रपिंड आणि पंडुरोग हे तिन्ही त्याच्या खाती जातात. कॅल्शियम वाढणे, मूत्रपिंड बिघडणे, रक्त कमी होणे, हाडे ठिसूळ होणे ही मायलोमाची चार लक्षणे प्रत्येक निवासी डॉक्टरला तोंडपाठ असतात. इथे त्यांतली तीन समोर उभी आहेत आणि कुणी विचारत नाही, कारण ‘निदान झाले आहे’.

लाघवाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी इथे हिशेब तपासावा. एकच रोग मानतो म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात किती कारणे वापरली? सीएलएल, वेदनाशामक गोळ्या आणि म्हातारपण. तीन. दोन रोग मानणाऱ्याने दोनच वापरली, आणि त्या दोहोंनी सगळ्या लक्षणांचा उलगडा झाला. मग गौरव कुणाच्या पदरात? एकच रोग लिहायचा आणि उरलेल्या लक्षणांना वय, गोळ्या, ‘खाण्यापिण्याची आबाळ’ असे किरकोळ वारस नेमायचे, हे लाघव कागदावरचे आहे. नैयायिक याहून प्रामाणिक होते. प्रमाणाने सिद्ध होणारे, फळ देणारे गौरव त्यांनी दोष मानलेच नाही. ‘फलमुख गौरव’ असा त्याला स्वतंत्र शब्द करून ठेवला. ऑकमचे नाव घेणाऱ्या आपल्या डॉक्टरांना गंगेशांच्या परंपरेतली ही सवलत कुणी शिकवली नाही.

ही चूक निरुपद्रवी असती तर वादाचे कारण नव्हते. सीएलएलची पायरी ठरवण्याची पद्धत अमेरिकेत काम केलेले भारतीय वंशाचे डॉक्टर कांती राय यांनी १९७५ मध्ये मांडली आणि ती आजही चालते. तीत हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रोग एकदम तिसऱ्या पायरीवर चढतो, मग उपचार सुरू करावे लागतात. आपल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन मायलोमाने उतरवले असेल, तर ज्या सीएलएलकडे वर्षानुवर्षे नुसते लक्ष ठेवून भागले असते त्याच्यावर औषधांचा मारा होतो; आणि ज्या मायलोमाला तातडीने आवरायला हवे तो मूत्रपिंडे खात बसतो. मराठवाड्यात तर याला आणखी एक पदर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. अशा मुलखात सीएलएल झालेल्या बाईचे रक्त लोहाच्या कमतरतेनेही कमी असू शकते. तिथेही ‘सगळे एकाच रोगाने’ म्हटले की तिची पायरी चुकते. म्हणजे दुसरा रोग कर्करोगच असला पाहिजे असेही नाही.

पूर्वपक्षाचा सगळ्यात लाडका आधार गणिताचा. दोन दुर्मीळ गोष्टी एकत्र घडणे महादुर्मीळ. समजा दोन्ही रोग लाखात एकाला होतात. गुणाकार केला तर दोन्ही एकत्र असणारा माणूस हजार कोटींत एक. पृथ्वीवर माणसेच आठशे कोटी. या हिशेबाने असा एकही रुग्ण जन्माला यायला नको होता. तरीही सीएलएल आणि मायलोमा एकत्र असलेल्या रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत दशकानुदशके येत आहेत. गणित चुकत नाही, ते चुकीच्या प्रश्नाला लावले आहे. पहिला रोग एकदा सिद्ध झाला की त्याची दुर्मीळता हिशेबातून गेली. आता तो आहेच. पुढचा प्रश्न एवढाच: या वयाच्या, या लक्षणांच्या माणसात दुसरा असण्याची शक्यता किती? ती लाखात एक उरत नाही. सगळा मायलोमा एका मूक अवस्थेतून येतो, आणि त्या अवस्थेत प्लाझ्मा पेशींचा छोटा कुटुंबकबिला एकाच जातीचे प्रथिन रक्तात सोडत असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात झालेल्या मोठ्या पाहणीत (२००६) ही अवस्था पन्नाशीनंतर शंभरात तिघांत आणि सत्तरीनंतर शंभरात पाचांहून अधिक लोकांत आढळली. त्यांतल्या दर वर्षी शंभरात एकाचा रोग पुढे सरकतो. लिम्फोसाइटचीही अशीच मूक पूर्वावस्था असते. रक्ताच्या मूळ पेशींत जनुकीय बिघाड होऊन त्यांची एकच वंशावळ फोफावणे हे तर सत्तरीनंतर सुमारे दहातल्या एकात दिसते, असे २०१४ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या अभ्यासांनी दाखवले.

शिवाय गुणाकार चालतो तो दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. त्या तशा नाहीत. स्वीडनच्या नोंदींवरून २०११ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की वर सांगितलेली प्लाझ्मा पेशींची मूक अवस्था असणाऱ्यांना मज्जेच्या अगदी वेगळ्या घराण्यातले रोग, म्हणजे मायलोडिस्प्लेसिया आणि तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, इतरांच्या सुमारे आठपट होतात. तेही मायलोमाचे औषध पोटात जाण्याआधी.

यावर उत्तर येते की पहिल्या रोगासाठी सतत रक्त तपासले जाते म्हणून दुसरा सापडतो. हे सहअस्तित्व म्हणजे तपासणीचा भास आहे. हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो उलट्या दिशेने चालतो. शोधल्यावर सापडणारा रोग न शोधलेल्यांतही असणारच.

आणि दुर्मीळ, दुर्मीळ म्हणताना मोजतो कोण? भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. बार्शीबरोबर तेव्हाच्या उस्मानाबादकडचे परंडा आणि भूम तालुकेही तिच्या पट्ट्यात आले. मराठवाड्याच्या या भागाला आपल्या कर्करोगांचा विश्वासार्ह आकडा या चिकाटीच्या कामातून मिळाला. पण नोंदणीचेही नियम असतात. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २००४ मध्ये ठरलेल्या नियमांत रक्ताचे कर्करोग गटांत बांधले आहेत. एका गटातले दोन रोग एका माणसात आले तर एकच मोजायचा. सीएलएल आणि मायलोमा दोन्ही बी-पेशींच्या गटात. म्हणजे आपला औरादचा शेतकरी जगातल्या कुठल्याही नोंदणीत शिरला तरी या तुलनेत बाहेर पडताना एकच रोग घेऊन बाहेर पडेल. मृत्यूच्या दाखल्याचे तसेच. त्यात कारणांची साखळी लिहायची सोय आहे, पण सांख्यिकीसाठी मूळ कारण एकच उचलले जाते. आधी मोजायचे नाही आणि मग आकड्यांत दिसत नाही म्हणून नाकारायचे, या वर्तुळात कितीतरी विद्वान सुखाने फिरत असतात.

व्याख्याच दुसऱ्या रोगाला दारात अडवते, असेही घडले आहे. १९५१ मध्ये विल्यम डेमशेक यांनी मज्जेच्या अतिवाढीचे काही रोग एका कुटुंबात बसवले: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे सीएमएल, तांबड्या पेशी वाढवणारा, प्लेटलेट वाढवणारा, आणि मज्जेत तंतू माजवणारा. १९६० मध्ये सीएमएलची खूण सापडली, फिलाडेल्फिया गुणसूत्र. त्यातून घडणारे बीसीआर-एबीएल हे जनुक. २००५ मध्ये बाकीच्या भावंडांतली एक मोठी खूण सापडली, जेएके-टू जनुकातला बदल. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत असे बसले की बाकीची नावे द्यायची तर सीएमएल नाही हे आधी ठरले पाहिजे. व्यवहाराला ते सोयीचे आहे. पण परिणाम असा की बीसीआर-एबीएल सापडले की जेएके-टू तपासायचे कुणाच्या मनात येत नाही. अशा रुग्णाला इमॅटिनिब सुरू होते. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भारतात स्वस्त इमॅटिनिबची वाट मोकळी राहिली, त्यामुळे तालुक्याच्या गावातला माणूसही हे औषध घेऊ शकतो. बीसीआर-एबीएल उतरते, पण प्लेटलेट नऊ लाखांवर अडून राहतात. डॉक्टर काय म्हणतात? ‘गोळ्या वेळेवर घेत नाहीस.’ मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपते ते हे वाक्य. बीसीआर-एबीएल उतरले आहे, म्हणजे गोळ्या पोटात गेल्या आहेत. अहवालच रुग्णाची साक्ष देतो आहे. तरी एक रोग वाचवण्यासाठी रुग्णाला खोटे पाडले जाते. दोन्ही बदल एकाच रुग्णात असल्याची उदाहरणे आता पुरेशी नोंदली गेली आहेत, आणि इमॅटिनिबचा जेएके-टूवर काही इलाज चालत नाही.

पूर्वपक्षाचा खरा जड मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि तो बहुतेक लोक मांडतच नाहीत. तो असा: तुम्ही ज्यांना दोन म्हणता ते मुळाशी एकच निघतात. सिस्टेमिक मास्टोसायटोसिस घ्या. मास्ट पेशींचा हा रोग पुष्कळदा दुसऱ्या रक्तकर्करोगाच्या सोबतीने येतो, इतका की २००१ च्या वर्गीकरणाने या जोडीला स्वतंत्र नावच दिले. सोबती बहुधा मोनोसाइट वाढवणारा ल्युकेमिया. पण जनुके तपासली की मास्ट पेशींतला केआयटी जनुकाचा बदल कित्येकदा सोबत्याच्या पेशींतही सापडतो. मूळ पेशी एक, फांद्या दोन. म्हणजे लाघववादी बरोबर होता?

मुळाबद्दल तो बरोबर असू शकतो, रुग्णाबद्दल नाही. मास्ट पेशी जे उत्पात करतात, अंगाची लाही, पोटातली कळ, एखाद्या मधमाशीच्या डंखाने येणारी मूर्च्छा, त्यांचा बंदोबस्त वेगळा, ल्युकेमियाचा वेगळा. कधी तर तीव्र ल्युकेमियाच्या पेशींच्या गर्दीत मास्ट पेशी दिसतच नाहीत, केमोथेरपीने गर्दी हटल्यावर उघड्या पडतात. एका मुळाचे दोन रोग ही कल्पना आपल्या वैद्यकाला नवी नाही. चरकाच्या निदानस्थानात एक रोग दुसऱ्याला जन्म देऊन स्वतः शमतो किंवा जन्म देऊनही स्वतः टिकून राहतो, असे दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत, आणि चिकित्सा करताना हा फरक महत्त्वाचा धरला आहे.

शिवाय ‘मूळ एकच’ हेही गृहीत धरता येत नाही, तपासावे लागते. सीएलएलचा रुग्ण एकाएकी खंगतो, एक गाठ झपाट्याने वाढते, बायोप्सीत मोठ्या पेशींचा लिम्फोमा निघतो. १९२८ मध्ये मॉरिस रिक्टर यांनी वर्णिलेला हा बदल. जुनाच रोग उग्र झाला, असे आपण म्हणतो, आणि पाचातल्या चौघांत ते खरेही असते. पाचव्याचे काय? त्याच्या लिम्फोमाची जनुकीय ओळख सीएलएलशी जुळत नाही. तो स्वतंत्रपणे उगवलेला दुसरा रोग असतो, आणि त्याचे भवितव्य पहिल्या चौघांपेक्षा बरे असते. ‘एकच रोग’ म्हणून हात टेकणारा डॉक्टर या पाचव्याची आशाच काढून घेतो.

आता माझ्याच पक्षातल्या उतावळ्यांना आवर घालतो. इंडियानातले डॉक्टर जॉन हिकम यांच्या नावाने एक प्रतिसूत्र फिरते: रुग्णाला हवे तितके रोग असू शकतात. तरुण डॉक्टरांना ते भारी आवडते. पण लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी एकत्र दिसल्या की लगेच दोन कर्करोग जाहीर करणे ही तितकीच आळशी सवय आहे. वाल्डेनस्ट्रॉम या रोगात दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच वंशाच्या असतात; त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत एमवायडी८८ जनुकातला ठरावीक बदल सापडतो, हे २०१२ पासून माहीत आहे. सीएलएलच्या पेशी स्वतःही थोडे एकजातीय प्रथिन रक्तात सोडू शकतात. तेव्हा दोन रोग म्हणायचे तर पुरावा दुप्पट हवा. लिम्फोसाइट कॅपा साखळीच्या आणि प्लाझ्मा पेशी लॅम्डा साखळीच्या निघाल्या तर वंश दोन, यात शंका उरत नाही. दोन्ही कॅपाच निघाल्या तर काहीच सिद्ध होत नाही. मग जनुकांची मांडणी ताडून पाहावी लागते.

प्रयोगशाळेतही पाणी मुरते. फ्लो सायटोमेट्री करणाऱ्याला जे विचारले तेच तो शोधतो. विनंतीच्या कागदावर ‘लिम्फोसाइट वाढले, सीएलएल?’ असे लिहिले की तो लिम्फोसाइटच्या खुणा लावतो. प्लाझ्मा पेशी नाजूक; प्रक्रियेत त्या गळतात आणि सुईने ओढलेल्या मज्जेत रक्त मिसळले की आणखी विरळ होतात. यंत्र दोन टक्के सांगते, तर हाडाच्या तुकड्यावर सीडी१३८ चा रंग चढवला की त्याच मज्जेत पंधरा टक्के दिसतात. मायलोमाची रेषा दहा टक्क्यांवर आहे. म्हणजे रेषेच्या कुठल्या बाजूला रुग्ण पडणार हे नमुना कसा घेतला यावरही ठरते. क्ष-किरणतज्ज्ञांना हा धोका फार पूर्वी कळला: एक दोष सापडला की नजर तृप्त होते आणि शेजारचा दोष निसटतो. मराठवाड्यात ही तृप्ती क्षयरोगाने सर्वांत जास्त मिळते. गाठीत क्षय सापडला, कोर्स सुरू झाला, गाठ कमी होत नाही. तरी दुसरी बायोप्सी घ्यायला महिने जातात, कारण क्षय तर ‘सापडलाच’ आहे. त्याच गाठीत लिम्फोमा असू नये असा काही करार क्षयाने केलेला नसतो.

नातेवाइकांना दोन नावे सांगू नयेत, ती धास्ती घेतील, हा आक्षेप मला फार काळ अडवत नाही. लेक विचारते, ‘डॉक्टरसाहेब, आबांना नेमकं काय झालंय?’ तिला नेमकेच हवे असते. दोन असतील तर दोन सांगावेत, आणि त्यातला एक नुसता राखणीत ठेवायचा आहे हेही सांगावे. उपचार का बदलले हे तिला पुढे समजावण्यापेक्षा ते सोपे.

राहिला खर्च. सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करा, असे कुणीच म्हणत नाही. एका रोगाने ज्याचा उलगडा होत नाही असे लक्षण उरले, तेवढ्यापुरते पुढे जायचे. औरादच्या आपल्या शेतकऱ्याचा पहिला धागा तर निलंग्यातच हाती येतो. यकृताच्या नेहमीच्या तपासणीत एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन हे दोन आकडे छापून येतात. समजा एकूण १०.४ आहे आणि अल्ब्युमिन २.९. वजाबाकी साडेसात, ग्लोब्युलिन एरवी साडेतीनच्या आत असते. सीएलएलमध्ये ते उलट कमी होण्याकडे कल, आणि इथे दुपटीने वाढलेले. हा आकडा सीएलएलचा नाही. काचेवरच्या रक्ताच्या थरात तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक चिकटलेल्या दिसल्या, ईएसआर शंभरावर गेला, कवटीच्या एक्स-रेत टोचल्यासारखी भोके दिसली, तर संशय पक्का होत जातो. जुना जंतुसंसर्ग किंवा यकृताचा आजारही ग्लोब्युलिन वाढवतो, म्हणून रक्ताचा नमुना प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिससाठी पाठवायचा: संसर्गात पट्टा रुंद पसरतो, मायलोमात एका जागी टोकदार उठतो. तो टोकदार दिसला की मज्जा नुसती सुईने ओढून थांबायचे नाही, हाडाचा तुकडाही घ्यायचा, आणि सोबतच्या कागदावर सीएलएलच्या खाली आणखी एक ओळ लिहायची: प्लाझ्मा पेशी पाहाव्यात, सीडी१३८, कॅपा आणि लॅम्डा लावावेत.